पेनड्राइव्ह बंद, व्हॉट्सॲप चालू!

मागच्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयात बातमीच्या कामाने बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक काका. मुलीच्या ॲडमिशनसाठी जातीचा दाखला काढायला आलेले. पुण्यातल्या पुतण्याने घरातली जुनी कागदपत्रं स्कॅन करून पेनड्राइव्हमध्ये दिली होती. ती पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून खिशात, एखादा दागिना जपावा तशी. कॉलेजने दिलेली मुदत दोन दिवसांवर.

काकांनी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवली. क्लार्कने हातच लावला नाही. "काका, हे इथं चालत नाही. वरून बंद केलंय. व्हॉट्सॲपवर पाठवा माझ्या."

काकांकडे बटणाचा फोन. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे सकाळपासून लाईट नव्हती. मग मीच मध्ये पडलो. माझ्या मोबाइलला पेनड्राइव्ह जोडली, कागदपत्रं उतरवली, क्लार्कच्या व्हॉट्सॲपवर टाकली. त्याच्या संगणकावर व्हॉट्सॲपही बंद आणि जीमेलही बंद. म्हणून त्याने स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या जीमेलवरून, ती साहेबांना पाठवली. साहेबांच्या केबिनमधल्या एका संगणकावर मेल उघडते. तिथून प्रिंट निघाली. साहेब मीटिंगला गेलेले, त्यामुळे ते येईपर्यंत दीड तास गेला तो वेगळाच.

आता हिशेब करा. एका मुलीचं आधार कार्ड, शाळेचा दाखला, घरातल्यांची जुनी कागदपत्रं. आधी पुतण्याच्या संगणकावर, मग पेनड्राइव्हवर, मग माझ्यासारख्या अनोळखी माणसाच्या मोबाइलमध्ये, मग क्लार्कच्या मोबाइलमध्ये, त्याच्या खासगी मेलमध्ये आणि शेवटी साहेबांच्या संगणकावर. मी माझ्याकडची कागदपत्रं तिथेच पुसली. पण पुसली नसती तर कोणाला कळलं असतं?

आणि ज्या संगणकाच्या सुरक्षेसाठी हे सगळं, तो मात्र एकदम सुरक्षित. कारण त्याच्यावर काम झालंच नाही!

मंडळी, मी सुरक्षेच्या विरोधात लिहीत नाहीये. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला करून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि एवढ्या मोठ्या सरकारी रुग्णालयात कित्येक दिवस कागद-पेनावर कारभार चालला. पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो हेही खरंच आहे. गावभर फिरून आलेली पेनड्राइव्ह कोणी थेट सरकारी संगणकात खुपसू नये, हे मलाही पटतं.

पण प्रश्न पुढचा आहे. दार बंद केलंत, ठीक. मग माणसाने आत यायचं कुठून? याचं उत्तर कुणी द्यायचं?

कुलूप लावणारा माणूस मुंबईत किंवा पुण्यात बसतो. त्याच्यासमोर रुमालातली पेनड्राइव्ह घेऊन कुणी काका उभा नसतो. 'सगळं बंद' असा आदेश काढला की त्याचं काम संपतं. उद्या काही झालं तर त्याच्या हातात कागद असतो, की मी तर बंद करायला सांगितलं होतं. इथला क्लार्क मात्र रोज दोनच गोष्टींतली एक निवडतो. एकतर नियम पाळायचा आणि लोकांना परत पाठवायचं, किंवा नियम मोडायचा आणि काम करायचं. आणि जो काम करतो, तोच उद्या निलंबित होणार! कारण माहिती त्याच्या मोबाइलमध्ये सापडणार.

राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला ठरलेल्या दिवसांत दिला नाही आणि त्याला सबळ कारण नसेल, तर जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. म्हणजे उशीर झाला तर दंड खिडकीजवळच्या माणसाला. ज्याच्या कुलपामुळे उशीर झाला त्याला काय? काहीच नाही.

गंमत बघा. साहेबांची डिजिटल सही असते ती यूएसबीलाच लावावी लागते. त्यामुळे निदान एका संगणकाचं पोर्ट उघडं ठेवणं भाग असतं. मग अख्खं ऑफिस त्या एका संगणकाभोवती गोळा. साहेब मीटिंगला गेले की कामं ठप्प.

आता मराठीचं. १९६४ चा राजभाषा अधिनियम सांगतो की राज्याचा कारभार मराठीत चालावा. क्लार्क व्हायचं तर मराठीत मिनिटाला ३० शब्दांची टायपिंग परीक्षा पास व्हावी लागते. पोरं त्यासाठी क्लास लावतात, पैसे भरतात. पास होऊन नोकरीला लागतात, खुर्चीत बसतात आणि बघतात तर काय, संगणकावर मराठी कीबोर्डच चालू नाही! विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून असतो. वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही, फक्त सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. पण सेटिंगच उघडत नाही. ॲडमिनचा पासवर्ड वरच्या ऑफिसात. तिथे फोन केला की, "तिकीट टाका." तिकीट टाकायचं ते इंग्रजीत. आठ दिवसांनी उत्तर येतं, 'क्लोज्ड'. का क्लोज्ड, ते देवाला माहीत.

मग जुन्या कृतिदेवमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या ऑफिसात उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो फॉन्ट तिथे नाही आणि टाकायची परवानगी नाही. शेवटी पत्राचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. म्हणजे परत व्हॉट्सॲपच!

हे फक्त सरकारी कार्यालयांचं दुखणं आहे असंही समजू नका. मी स्वतः ज्या ज्या वृत्तपत्रांत काम केलं, त्यातल्या एका ठिकाणी आमच्या तालुका कार्यालयाचा संगणक मुख्यालयातून कुलूपबंद होता. नगरपालिकेची वेबसाइट 'असुरक्षित' म्हणून उघडायची नाही. नगरपालिकेची बातमी करणाऱ्या वार्ताहराला, राव! एकदा रात्री नऊ वाजता हायवेवर मोठा अपघात झाला. मृतांची यादी मेलवर आलेली, पण फाइल डाउनलोड होईना. मुख्यालयातला संगणकवाला सातलाच घरी गेलेला. शेवटी सगळी बातमी मोबाइलवर अंगठ्याने टाइप करून पाठवली. नावांत एक चूक राहिली. जिवंत माणसाचं नाव मृतांत गेलं असतं, उपसंपादकाने फोन करून विचारलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मी ऑफिसच्या संगणकावर फक्त हजेरी लावायचो. काम सगळं स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटापॅकवर.

पासवर्डचीही तीच कथा. दर तीस दिवसांनी बदला, मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, जुना चालणार नाही. परिणाम? कुठल्याही ऑफिसात मॉनिटरच्या कडेला नाहीतर कीबोर्डच्या खाली बघा, पासवर्डची चिठ्ठी सापडेल. हा सल्ला ज्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेतून जगभर पसरला, ती २००३ मध्ये लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्या त्या सल्ल्याबद्दल पस्तावा व्यक्त केला. त्याच वर्षी तिथल्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, कारण नसताना ठराविक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका असं लिहून दिलं. ज्यांनी नियम केला त्यांनी सोडला. आपल्याकडे मात्र चिठ्ठ्या चिकटवणं चालूच.

२०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते, आठवतंय? तेव्हा काही जण म्हणाले, या बायकांना तंत्रज्ञान नकोय. तसं नव्हतं. त्यांना चालणारा मोबाइल आणि मराठीतलं ॲप हवं होतं. काम करणाऱ्याला न विचारता साधन दिलं आणि न विचारता कुलूप घातलं की हेच होणार.

नुसती तक्रार करून थांबत नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सुचवतो. यातल्या एकीलाही कोट्यवधींचं टेंडर लागत नाही.

१) प्रत्येक कार्यालयात एक संगणक फक्त पेनड्राइव्ह तपासण्यासाठी ठेवा, मुख्य नेटवर्कपासून वेगळा. तिथे अँटिव्हायरसने तपासून, हवी तेवढीच फाइल पुढे जाऊ द्या.

२) संगणक टेबलावर यायच्या आधीच त्यात युनिकोड मराठी आणि कीबोर्ड चालू असला पाहिजे. त्यासाठी कुणाला तिकीट टाकायला लागता कामा नये.

३) तालुक्याच्या पातळीवर एका प्रशिक्षित माणसाला मर्यादित अधिकार द्या. कुणासाठी, कशासाठी, किती वेळ उघडलं, याची नोंद ठेवा. ही नोंद व्हॉट्सॲपपेक्षा हजार पटीने सुरक्षित.

४) एखादी गोष्ट बंद करण्याच्या आदेशातच लिहा की तिच्याऐवजी काय वापरायचं. पर्याय लिहिता येत नसेल तर आदेश काढायची घाई करू नका. आणि आदेश काढणाऱ्याने वर्षातून दोन दिवस तरी खिडकीच्या मागे बसून बघावं.

काकांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाखला मिळाला. मुदतीच्या आत. काकांनी क्लार्कला हात जोडले, मला बळंच चहा पाजला. दाखला मिळाला तो एका क्लार्कने नियम मोडला म्हणून. त्या दिवशी त्या खुर्चीत नियमाला घाबरणारा दुसरा कुणी असता, तर त्या पोरीचं वर्ष गेलं असतं आणि कागदोपत्री सगळ्यांचं बरोबर असतं.

म्हणूनच त्या कार्यालयाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. लिहिलं तर चौकशी त्या क्लार्कचीच लागेल, कुलपाची नाही.

तुमच्या ऑफिसात, बँकेत, शाळेत काय काय बंद आहे आणि त्यावर तुम्ही काय जुगाड करता? कमेंटमध्ये लिहा. फक्त नावं लिहू नका. चार-पाच चांगले अनुभव जमले तर पुढच्या आठवड्यात निवेदन करून वर पाठवू. आणि हो, ही पोस्टसुद्धा मोबाइलवरच टाइप केलीय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.