फोटोतला खांब तिरका का?

धावत्या रेल्वेच्या खिडकीतून मोबाइल आडवा धरून फोटो काढून पाहा. रुळांलगतचे विजेचे खांब बऱ्याचदा तिरके दिसतात. खांब सरळ असतात, फोटोत कोणी फेरफारही केलेला नसतो. मग चुकते कुठे? फोटो म्हणजे ‘एक क्षण’, या आपल्या समजुतीत.

हे कोडे मोबाइलच्या खूप आधीचे आहे. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत फिल्मच्या पुढ्यात दोन पडदे असत. बटण दाबले की पहिला पडदा सरकून फिल्म उघडी करी आणि ठरलेल्या वेळाने दुसरा मागोमाग येऊन ती झाकून टाकी. पण सेकंदाच्या हजाराव्या भागाचा फोटो हवा असेल तर? कापडी पडदा इतक्या झटपट सगळी चौकट ओलांडू शकत नाही. म्हणून पहिला पलीकडे पोहोचण्याआधीच दुसरा निघे आणि दोघांमधली अरुंद फट फिल्मवरून सरकत जाई. प्रत्येक ठिकाणी प्रकाश पडे तो सेकंदाचा हजारावा भागच. पण फट या काठापासून त्या काठापर्यंत जाण्यात सेकंदाचा पन्नासावा-साठावा भाग निघून जाई. म्हणजे फोटोची एक कड आधीची, दुसरी नंतरची!

फ्रेंच छायाचित्रकार जाक आंरी लार्तिग यांचा १९१२चा म्हणून ओळखला जाणारा मोटार शर्यतीचा फोटो याच कारणाने गाजला. त्यात गाडीचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि प्रेक्षक उलट बाजूला कलले आहेत. तो वेग खरा होता, आकार मात्र शटरने घडवलेला होता.

यावर उपाय शोधले गेले. भिंगातच बसवलेल्या शटरची पोलादी पाती मधून बाहेर उघडतात, त्यामुळे सगळी चौकट एकाच वेळी उजळते. पण त्या पात्यांना उघडून, थांबून पुन्हा मिटावे लागते. म्हणून त्यांचा वेग बहुधा सेकंदाच्या पाचशेव्या भागाशी अडतो. निकॉनने १९८२च्या ‘एफएम२’मध्ये टायटॅनियमची हलकी पाती वापरली आणि ती चौकटीच्या आखूड बाजूने, म्हणजे उभी पळवली. त्यामुळे सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत मजल गेली, तरी फट सरकायची ती सरकतच होती.

मोबाइलमध्ये पडदेच नाहीत. तिथला सेन्सर चित्र एकेक ओळ करून वाचतो. हे वाचन सेकंदाच्या पन्नासाव्या भागात होते असे धरू. ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात ४० सेंटिमीटर पुढे जाते! पहिली ओळ वाचताना ती एका जागी आणि शेवटची वाचताना दुसऱ्या जागी असते. काही एलईडी दिव्यांखाली फोटोत दिसणारे काळे पट्टेही याच ओळवार वाचनातून येतात.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. आज अपघात असो की हाणामारी, ‘व्हिडिओ आहे ना’ म्हटले की वाद मिटतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत फाइलचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे जणू तिच्या अंगठ्याचा ठसा नोंदवलेले प्रमाणपत्र मागितले जाते. हे चांगलेच आहे. पण फाइलला कोणी हात लावलेला नाही, एवढेच त्यातून कळते. कॅमेऱ्याने ते दृश्य कसे टिपले, हे कळत नाही. अस्सल फाइलमध्येही तिरका खांब तिरकाच राहणार.

सगळी चौकट एकदम टिपणारे सेन्सर आता आले आहेत; सोनीने २०२३मध्ये तसा मोठा कॅमेरा जाहीर केला. पण आपल्या खिशातल्या बहुतेक मोबाइलमध्ये आणि चौकाचौकांतल्या अनेक सीसीटीव्हींत ओळीच वाचल्या जातात. म्हणून वेग किती, धडक नेमकी कधी, हात आधी कोणाचा उठला, असे सेकंदाच्या अंशावर ठरणारे प्रश्न जिथे असतील, तिथे कॅमेऱ्याचा वाचन-वेग तपासणे हा चौकशीचा नेहमीचा भाग व्हायला हवा. साक्षीदाराला आपण विचारतोच, ‘तू कुठे उभा होतास?’ कॅमेऱ्यालाही विचारायला हवे, ‘तू कोणती ओळ आधी पाहिलीस?’