हे बोल्हाईचं आहे का?

मार्गशीर्षातले गुरुवार संपले आणि आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा वाटणघाटण सुरू होणार, एवढ्यात चिरंजीवांनी मुळशीकडच्या एका ‘ह्यूमेन फार्म’चं रविवारचं बुकिंग केलं. जनावरं सुखात वाढवायची, मगच खायची, असं तिथलं धोरण. माणशी सातशे रुपये. त्यात शेळ्यांना चारा घालणं धरलेलं. लहानपणी मामाकडे हेच काम टाळलं की पाठीत धपाटा बसायचा. तोही फुकट.

गोठा छान होता, हे कबूल. उंच लाकडी माचाण, फळ्यांच्या फटींतून लेंड्या खाली, त्यांचं खत भाजीला. करडं आईजवळ. उस्मानाबादी शेळ्या आणि त्यांचा बोअरशी केलेला संकर. हे बोअर मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९३ साली गोठवलेले भ्रूण आणून ते इकडे रुजवले. मालक हे सांगत असताना नातू म्हणाला, “आजोबा, बोअर होतंय.” मालकाला वाटलं, पोराला जात कळली.

प्रत्येक बोकडाला नाव होतं. मी विचारलं, “कापता कुठे?” मालकाचा चेहरा पडला. “सर, ते प्रोसेसिंग आपण बाहेर करतो.” म्हणजे लाडाने वाढवायचं ते सगळं दाखवायचं, आणि ज्यासाठी वाढवलं ते गेटाबाहेर. आमच्या पेठेतला खाटीक निदान सुरी लपवत नाही.

निघताना गोठवलेल्या मटणाची पाकिटं पुढे आली. भाव सांगत नाही, डॉक्टरांनी रक्तदाब जपायला सांगितलाय. आमच्या हिने पाकीट उलटंपालटं केलं आणि विचारलं, “हे बोल्हाईचं आहे का?”

मालक इंग्रजी वळणाचा. त्याला वाटलं, बोल्हाई नावाचा दुसरा फार्म असावा. हिचं माहेर वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारं. तिथे शेळी-बोकडाचं मटण चालत नाही, मेंढीचंच लागतं. पुण्यात मटणाच्या दुकानांवर ‘बोल्हाईचे मटण’ अशा पाट्या असतात त्या याचसाठी. नव्याने आलेल्यांना तो मसाल्याचा प्रकार वाटतो. लग्नाआधी मलाही वाटला होता. सासुरवाडीच्या पहिल्या जेवणात “बोकड कोवळा दिसतोय” असं मी कौतुकाने म्हणालो, आणि पंगत थांबली. सासरे तीन दिवस बोलले नाहीत. तेव्हापासून एकाच घरात आमची दोन पातेली शिजतात, आणि हिची पळी माझ्या पातेल्याला लागली की घरात जे होतं ते या सदरात पूर्वी येऊन गेलं आहे.

तर पाकीट परत गेलं. येताना रस्त्याकडेला कापणी झालेल्या भातखाचरात धनगरांचा वाडा उतरला होता. वाघरीत कोंडलेल्या मेंढ्या, राखणीला कुत्री, चुलीपाशी बाया. मी गाडी थांबवायला लावली. म्हातारबाबांना विचारलं, मेंढ्या बसवायचं शेतवाला काय देतो? “तांदूळ देतो, न्हाईतर पैसं.” दिवसभर माळावर चरायचं आणि रात्री कुणाच्या तरी शेतात लेंडीखत टाकायचं. बुकिंग नाही, माचाण नाही. बाबांना आपण काही ‘ह्यूमेन’ करतो आहोत याचा पत्ताही नव्हता. फार्मवर सातशे मोजून जे पाहिलं त्याहून बरं काही मी इथे फुकटात पाहिलं, असं माझं स्पष्ट मत झालं.

हिचे डोळे चमकले. “हे आपलं!” म्हणाली आणि भाव विचारू लागली. बाबा म्हणाले, “आख्खा मेंढा न्या, ताई.” हिने क्षणभर डिकीकडे पाहिलं. मग फ्रीज आठवला असावा.

पेठेतल्या दुकानाशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि फळीवर ‘मटण संपले’ लिहिलेलं होतं. रात्री पिठलं-भात झाला. रविवारी दुपारनंतरही उघडं असणारं बोल्हाईचं दुकान वाचकांपैकी कुणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे. पत्र हिच्या नावे टाकलेत तरी चालेल.