निजामपुऱ्याच्या लूम कामगाराचं म्हातारपण कुणाच्या हिशेबात?

'साठीनंतर वीस-पंचवीस वर्षं जगायचंय, आतापासून नियोजन करा,' असा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो. सल्ला चुकीचा नाही. पण तो महिन्याला ठरलेला पगार घेणाऱ्यांसाठी आहे. भिवंडीच्या निजामपुऱ्यात लूमवर बारा तास उभा राहणारा कामगार मीटरवर मजुरी घेतो. वीज गेली की मजुरी बुडाली. तो निवृत्त होत नाही. नजर अधू झाली, की एक दिवस त्याच्या जागी दुसरा उभा असतो.

त्याच्यासाठी काय आहे? पीएफचा कायदा २० कामगारांपासून लागतो. एकाच शेडमधले लूम वेगवेगळ्या नावांवर दाखवले, की आकडा २० च्या आत आणि कामगार कायद्याबाहेर! कायद्यात बसलाच, तरी पेन्शनला १० वर्षांची नोंदलेली नोकरी हवी. २०१४ साली तिची किमान रक्कम ठरली महिना १००० रुपये. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांनंतर १५०० मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे महिन्याला १७५०! एवढ्यात कुठलं घर चालतं?

२०१९ च्या श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर ३००० रुपयांचं आश्वासन आहे. आज पंचविशीतल्या तरुणाला ते ३५ वर्षांनी मिळतील. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर त्या ३००० ची किंमत आजच्या ४०० रुपयांएवढीही उरत नाही. रुपयाची क्रयशक्ती घसरली की मजुरीवर जगणारा भरडला जातो, हे बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्येच दाखवून दिलं होतं.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी विमा हा सरकारचाच व्यवसाय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला मजुरीच्या प्रमाणात विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली. म्हणजे असुरक्षिततेचं ओझं एकट्या माणसावर टाकायचं नाही, ही त्यांची भूमिका. संविधानाचं कलम ४१ म्हातारपणी सरकारी मदतीचा हक्क सांगतं. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, कोर्टात जाऊन मागता येत नाही. ते रस्त्यावर उतरूनच मिळवावं लागेल.

आणि हे अशक्य नाही. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. मालक मजुरीसोबत लेव्ही मंडळात भरतो. त्यातून नोंदणी झालेल्या हमालाला पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळते. शेठ बदलला तरी खातं तेच राहतं. पाठीवर गोणी वाहणाऱ्याला हे मिळू शकतं, तर लूमवाल्याला का नाही? आमची मागणी हीच आहे: यंत्रमाग कामगारांसाठी असंच मंडळ, मीटरमागे मालकाकडून लेव्ही, आणि महागाईबरोबर वाढणारी पेन्शन.

तोवर तरुणांनी एवढं करावं. वस्तीतल्या प्रत्येक कामगाराला यूएएन नंबर आहे का, पीएफ कापलाय तर जमा होतोय का, हे मोबाईलवर तपासून द्या. ई-श्रमची नोंदणी करून द्या. मजुरीच्या चिठ्ठ्या जपून ठेवायला सांगा. उद्या नोकरीचा पुरावा तोच आहे. जयंतीच्या वर्गणीची वही आपण चोख ठेवतो. त्याच वहीत वस्तीतल्या म्हाताऱ्या कामगारांचं एक पान उघडूया.

जय भीम!