थाळी उचलून बघा

आमच्या लातूर-नांदेडात ज्यांच्या घरी रेकॉर्डी वाजायच्या, त्यांच्याकडे बहुधा एचएमव्हीची फिएस्टा असायची. डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल हे प्रकरण तेव्हा परदेशवारीवाल्यांचं. आता तेच जुने जपानी टर्नटेबल मुंबईच्या चोर बाजारातून नाहीतर हैदराबादेहून इकडे येऊ लागलेत, आणि हौशी मंडळी फोटो बघून पैसे पाठवून मोकळी होतात. माझं म्हणणं एवढंच, की थाळी उचलून बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका.

मात्सुशिता कंपनीनं टेक्निक्स नावाखाली १९७० साली एसपी-१० आणलं, १९७२ साली एसएल-१२००, आणि १९७९ साली त्याचाच एमके-२, ज्याच्यासाठी आज सगळे जीव टाकतात. डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे पट्टा नाही, रबरी चाक नाही. मोटार थेट थाळीलाच फिरवते. एमके-२च्या थाळीला दोन भोकं असतात. त्यात बोटं घालून ती वर उचला. खालच्या बाजूला लोहचुंबकाचं कडं दिसेल, कारण मोटारीचा फिरणारा भाग म्हणजे थाळीच. त्या कड्याला लोखंडाचा कीस चिकटलाय का, तडा गेलाय का, हे आधी पाहा. मग थाळी परत बसवून यंत्र चालू करा. पिच, म्हणजे वेग कमी-जास्त करणारी पट्टी, शून्यावर ठेवल्यावर थाळीच्या कडेच्या मोठ्या ठिपक्यांची ओळ लाल दिव्यात जागच्या जागी उभी दिसली पाहिजे. सरकत असेल तर पिचची पट्टी मळलेली असेल, ती कॉन्टॅक्ट क्लीनरनं सुधारते. पण आतली एएन६६७५ आयसी गेली असेल तर तिच्या शोधात जोडे झिजतील.

लाइटचं म्हणाल, तर आपल्याकडे दाब खाली-वर होतो म्हणून वेग बिघडेल ही भीती सोडा. एमके-२ची मोटार क्वार्ट्झच्या स्फटिकावर वेग राखते, तो लाइनवर अवलंबून नसतो. खरी भीती दुसरीच. जपानी बाजारातलं यंत्र १०० व्होल्टचं असतं. तसंच २३० च्या सॉकेटला लावलंत की धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर विकत मिळतो, आणि बोअरच्या मोटारी गुंडाळणाऱ्यांची तर आपल्याकडे वाण नाही. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा त्यांच्यातच सापडतो.

‘ओरिजनल कंडिशन’च्या वेडाला मात्र मी हात जोडतो. पंचेचाळीस वर्षांचे कपॅसिटर तसेच ठेवायचे, कारण ते कारखान्यातले? वाळलेला कपॅसिटर हा वारसा नव्हे. ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा चांगला कारागीर ते बदलून देतो, ढिले टाके पुन्हा मारतो, आसात तेलाचे दोन थेंब सोडतो. विकत घ्यायला जाताना त्यालाच सोबत न्या, चहा-नाश्त्याचा खर्च वसूल होईल. आणि घरात शांतपणे गाणं ऐकायचं असेल तर एमके-२ कशाला? त्याच घराण्यातलं एसएल-डी२ही डायरेक्ट ड्राइव्हच आहे. डीजेंनी डोक्यावर घेतलेल्या नावाचे जादा पैसे त्यात मोजावे लागत नाहीत.

यंत्र कुरिअरनं मागवायचंच असेल तर थाळी काढून वेगळी बांधायला सांगा, आर्म जागेवर बांधायला आणि मागचं वजन काढायलाही. हे विसरलं तर गाडीच्या धक्क्यांनी आस जातो, आणि मग भांडण कोणाशी करायचं हा प्रश्न उरतो. यंत्र घरी आलं की रेकॉर्डी धुवायला बोअरचं पाणी वापरू नका, खाचेत क्षार बसतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणा.

आणखी एक. आजोबांच्या पेटीतल्या बालगंधर्वांच्या जुन्या जड तबकड्या एमके-२वर वाजणार नाहीत. त्यावर ३३ आणि ४५ हे दोनच वेग आहेत. त्या तबकड्यांना ७८ चा वेग हवा आणि सुईही जाड टोकाची हवी. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. तेव्हा घरात काय ठेवलंय ते आधी मोजा, मग यंत्र ठरवा.

– कानसेन