दुकान हललं, पाटी कुठंय?

दुकान दुसऱ्या गल्लीत गेलं की मालक जुन्या शटरवर पाटी लावतो: ‘दुकान स्थलांतरित झाले आहे’. खाली नवा पत्ता. गिऱ्हाईक तुटू नये, एवढाच हिशेब. नांदेड-लातूरच्या कॉलेजांत प्रोजेक्ट करणाऱ्या मित्रांनो, कोडच्या बाबतीत हा हिशेब आपल्याला का सुचत नाही?

‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘न्यू-फायनल’ अशा तीन रेपॉझिटरी गिटहबवर पडून असतात. चालते कोणती, हे फक्त ग्रुप लीडरला ठाऊक आणि तो नोकरीला पुण्यात. पुढच्या वर्षीचे ज्युनियर नेमकी जुनी उचलतात, आठवडाभर डोकं फोडतात आणि शेवटी पहिल्यापासून सुरुवात करतात.

मग जुनी डिलीट मारायची का? मुळीच नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा जेमतेम ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतला आणि त्यावर विसंबलेले जगभरातले प्रोजेक्ट अडकले. याउलट ‘गूगल कोड’ बंद करताना गूगलने मार्च २०१५ मध्येच तसं जाहीर केलं, कोड गिटहबवर हलवायची सोय दिली आणि जुना साठा वाचण्यापुरता जपून ठेवला.

आपल्या भागाला तर हे नवं नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी नव्या जागी वसली. नाव एकच, म्हणून ‘जुनी’ की ‘नवी’ हे सांगावंच लागतं.

काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. रीडमीच्या पहिल्याच ओळीत लिहा: हा कोड कधीपासून बंद, का बंद आणि नवा कुठे, लिंकसकट. नव्या रीडमीत जुन्याचा पत्ता द्या. कोडमध्ये पासवर्ड किंवा एपीआय की राहिली असेल तर ती रद्द करा. अर्काइव्ह केल्याने ती झाकली जात नाही. मग सेटिंग्जमध्ये जाऊन रेपॉझिटरी अर्काइव्ह करा. क्रम मात्र हाच ठेवा. अर्काइव्ह झाल्यावर ती फक्त वाचता येते, रीडमीसुद्धा बदलता येत नाही. मग एका ओळीसाठी पुन्हा सगळं उघडत बसावं लागतं.

विभागांनीही बाइंड केलेल्या रिपोर्टसोबत ही पाटी मागायला हवी. रिपोर्ट कपाटात जातो. कोड मात्र पुढच्या बॅचच्या हातात जायचा असतो. निकाल लागून पांगायच्या आधी एवढं कराच!