बहिष्कार कोणावर?

रक्तदान शिबिर, पूरग्रस्तांसाठी निधी किंवा रुग्णालयाच्या मदतीसाठी भरविलेला समारंभ यांवर एखाद्या पक्षाने वा गटाने बहिष्कार पुकारला की समाजातून दोन ठराविक प्रतिक्रिया उमटतात. सत्कार्यात राजकारण आणणे हेच पाप, असे एक वर्ग म्हणतो. तत्त्वापुढे सत्कार्याचीही तमा बाळगण्याचे कारण नाही, असे दुसरा म्हणतो. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. व्यासपीठावर पुढाऱ्याची भव्य तसबीर लागते तेव्हाच राजकारण मंडपात शिरलेले असते, याचा पहिल्या वर्गाला विसर पडतो. आणि अशा बहिष्काराची किंमत पुष्कळदा भांडणाशी संबंध नसलेला तिसराच कोणी मोजतो, याकडे दुसरा वर्ग डोळेझाक करतो.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातले पाम बीच हे धनिकांचे गाव. हिवाळ्यात तेथे धर्मादाय संस्थांच्या मेजवान्यांचा हंगाम असतो आणि त्यांतून वैद्यकीय व समाजसेवेच्या कार्याला मोठा पैसा मिळतो. डोनाल्ड ट्रम्प यांच्या मालकीचा मार-ए-लागो क्लब हे या मेजवान्यांचे एक मानाचे ठिकाण होते. ऑगस्ट २०१७ मध्ये व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिल येथे गौरवर्णीयांच्या वर्चस्वाचा पुरस्कार करणाऱ्यांच्या मेळाव्याच्या वेळी हिंसाचार झाला आणि विरोधी निदर्शकांवर मोटार घालण्यात आल्याने एका स्त्रीचा बळी गेला. दोन्ही बाजूंना चांगली माणसे होती, अशा आशयाचे उद्‌गार अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यानंतर काढले आणि देशभर संताप उसळला. थोड्याच दिवसांत क्लीव्हलँड क्लिनिक, अमेरिकन कॅन्सर सोसायटी, अमेरिकन रेडक्रॉस, साल्व्हेशन आर्मी आणि इतर अनेक संस्थांनी या क्लबातील आपले नियोजित समारंभ मागे घेतले. यांपैकी क्लीव्हलँड क्लिनिकने तर त्याआधी अनेक महिने डॉक्टरांची हीच मागणी मानण्याचे नाकारले होते.

या संस्थांनी दान मागणे सोडले नाही. मालकाला मिळणारे भाडे आणि प्रतिष्ठा तेवढी काढून घेतली. रेडक्रॉसच्या १९६५ साली घोषित झालेल्या सात मूलतत्त्वांत तटस्थतेचा समावेश आहे. जागाच वादाची झाल्यावर तेथे राहणे हीही एक बाजू घेणेच ठरले असते. तेव्हा तेथून बाहेर पडणे हे राजकारणात उतरणे नसून त्यातून अंग काढून घेणे होते, असे म्हणता येते.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्याच देशात घडले. ऑगस्ट २००८ मध्ये नेपाळातील कुसहा येथे कोसी नदीचा बांध फुटला आणि उत्तर बिहारचा मोठा प्रदेश पाण्याखाली गेला. गुजरात सरकारने तेव्हा पाच कोटी रुपयांचे साहाय्य दिले. पुढे जून २०१० मध्ये पाटण्यात भारतीय जनता पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीची बैठक भरली असता वृत्तपत्रांतील जाहिरातींतून त्या मदतीचा गौरव करण्यात आला. त्या पक्षाच्याच पाठिंब्याने सत्तेवर असलेले मुख्यमंत्री नीतीशकुमार यांनी नाराज होऊन नेत्यांसाठी योजलेले भोजन रद्द केले आणि पाठोपाठ ते पाच कोटी गुजरातला परत केले.

नीतीशकुमारांची तक्रार निराधार होती, असे नाही. संकटात दिलेल्या मदतीचा डंका पिटणे हे आपल्याकडील दानाच्या मर्यादेत बसत नाही. भोजन रद्द करण्याने हा निषेध पुरेपूर व्यक्त झाला होता, कारण त्याची झळ केवळ पंक्तीला बसणाऱ्यांनाच लागणार होती. पैसे मात्र मुख्यमंत्र्यांचे नव्हते. ते कोसीकाठच्या विस्थापितांच्या नावाने आलेले होते आणि दोन राजकीय नेत्यांच्या मानापमानात त्यांचा हिशेब चुकता करण्यात आला.

या दोन प्रसंगांतून एक साधी कसोटी हाती येते. बहिष्कारामुळे ज्याचे नुकसान होणार तो यजमान आहे की लाभार्थी? यजमानाचा मान, त्याची जाहिरात, त्याचे उत्पन्न यांवर घाव पडत असेल तर बहिष्कार हे लोकशाहीतले रास्त साधन आहे. घाव रुग्णाच्या खाटेवर किंवा पूरग्रस्ताच्या झोपडीवर पडत असेल, तर त्याला तत्त्वनिष्ठा हे नाव शोभत नाही.

महाराष्ट्रात ही कसोटी सर्वांत अधिक उपयोगी पडावी ती रक्तदान शिबिरांच्या बाबतीत. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला शिबिर भरविणे ही येथील रूढीच झाली आहे, आणि प्रतिपक्षाच्या कार्यकर्त्यांनी तिकडे न फिरकणे हीही. पुढाऱ्याच्या लोकप्रियतेच्या हिशेबात आपल्या रक्ताची बाटली मोजली जाऊ नये, असे एखाद्या शिक्षकाला वा विद्यार्थ्याला वाटले तर ते गैर नाही. परंतु रक्ताचेही काही नियम आहेत. साठविलेल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, बिंबिका तर अवघे पाच दिवस. एकदा रक्त दिल्यावर पुरुषाला तीन आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते. एकाच दिवशी हजारो बाटल्या गोळा झाल्या की त्यांतील काही वाया जाण्याचा धोका असतो आणि तेच दाते पुढे काही महिने उपलब्ध नसतात. महाविद्यालये बंद असलेल्या उन्हाळ्यात टंचाई भासते ती वेगळीच.

म्हणून वाढदिवसाच्या मंडपात जाण्याचे ज्याने नाकारले, त्याने महिनाभराने सरकारी रक्तपेढीची पायरी चढावी. असा बहिष्कार पुढाऱ्याचा आकडा एकाने कमी करील आणि गरजेच्या वेळी रक्तपेढीत एक बाटली वाढवील. ज्याला एवढेही करावयाचे नाही, त्याने आपल्या घरी बसण्याला तत्त्वाचे नाव देऊ नये. आणि शिबिर भरविणाऱ्या पुढाऱ्यांनीही आपली तसबीर एकदा बाजूला ठेवून पाहावी. विरोधकांची रांग कदाचित त्यांच्याच मंडपात लागलेली दिसेल.