सेवेतला श्वान थकतो, तेव्हा जबाबदारी कोणाची?

मालवणची जेटी, तारकर्लीचा किनारा किंवा आंगणेवाडीची जत्रा. गर्दी वाढली की बंदोबस्त वाढतो आणि बंदोबस्तात वास घेत फिरणारा श्वानही दिसतो. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा सोहळा मालवण किनाऱ्यावर झाला. अशा कार्यक्रमांपूर्वीची घातपातविरोधी तपासणी श्वानांशिवाय पुरी होत नाही. हा श्वान साधारण आठ ते दहा वर्षांचा झाला की निवृत्त होतो. मुख्यालयात त्याला हार घातला जातो, वर्तमानपत्रात फोटो येतो. मात्र निवृत्तीआधीचे वर्ष-दीड वर्ष आणि नंतरची दोन-चार वर्षे, म्हणजे दुखण्यांचा खरा काळ, चर्चेत येत नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख ‘झंजीर’ने करून दिली. पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या या लॅब्रेडॉरने १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिले. नोव्हेंबर २००० मध्ये, वयाच्या अवघ्या आठव्या वर्षी, हाडाच्या कर्करोगाने तो गेला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे उतारवयात विरारच्या एका शेतघरात प्राणीप्रेमींच्या आधाराने राहिले आणि २०१६ या एकाच वर्षात गेले. लष्करात तर २०१५ पर्यंत सेवेस अयोग्य ठरलेल्या श्वानांना दयामरण देण्याची पद्धत होती. प्रकरण न्यायालयात गेल्यावर धोरण बदलले.

दुखणे लपवणारा प्राणी

कामाची आवड लागलेला श्वान वेदना दाखवत नाही. खेळण्यातला चेंडू किंवा शाबासकी मिळेल या ओढीने तो लंगडतही धावतो. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड या दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा जन्मजात दोष आढळतो. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापर्यंत त्याचा संधिवात होतो. उठताना वेळ लागणे, गाडीत उडी मारण्याआधी थबकणे, पायरीवर अडखळणे ही त्याची पहिली लक्षणे. एकाच पायाने सतत लंगडणे मात्र ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. मोठ्या जातींत हाडाच्या कर्करोगाची सुरुवात अशीच होऊ शकते.

डोळ्यांवरची निळसर झाक दर वेळी मोतीबिंदूच असते असे नाही. वयोमानाने भिंग घट्ट झाल्यानेही ती येते आणि तेव्हा दृष्टी बरीचशी शाबूत असते. फरक पशुवैद्यकच सांगू शकतो. ऐकू कमी येऊ लागलेला श्वान हुकूम मानत नाही तेव्हा तो हट्टी झाला असे वाटते. दातांचा संसर्ग, मूत्रपिंडाची दुर्बलता आणि हृदयविकारही याच वयात डोके वर काढतात.

अंध व्यक्तीला वाट दाखवणाऱ्या मार्गदर्शक श्वानाच्या बाबतीत हे अधिक नाजूक असते. भारतात असे श्वान फारच थोडे आहेत. पाश्चात्त्य देशांत मात्र पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या जर्मन सैनिकांपासून ही परंपरा चालत आली आहे. तिथे श्वानाचे लंगडणे मालकाला दिसत नाही, ते हातातल्या पट्ट्याच्या दांड्यातून जाणवते. चाल मंदावते, ओढ कमी होते, रस्ता ओलांडताना श्वान उशिरा थांबतो. त्याची चूक म्हणजे मालकाचा अपघात. बॉम्बशोधक श्वानाचेही तसेच आहे. धापा टाकणाऱ्या श्वानाला नीट वास घेता येत नाही. त्यामुळे थकलेल्या श्वानाला वेळीच थांबवणे हा भूतदयेइतकाच माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

किनाऱ्याची हवा, किनाऱ्याचे धोके

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ करून शरीर थंड करतो. मालवणसारख्या दमट हवेत ही वाफ नीट होत नाही. म्हणून एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये तापमान फार नसले तरी म्हाताऱ्या, जाड किंवा हृदयरोगी श्वानाला उष्माघात होऊ शकतो. त्याचे काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच ठेवावे. दुपारच्या वाळूवर तळहात काही क्षण टेकवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. समुद्राचे पाणी पोटात गेले की उलट्या-जुलाब होतात, म्हणून गोडे पाणी सोबत हवे.

पावसाळ्यात लोंबत्या कानांत ओल साचून संसर्ग होतो. गोचिडांमुळे येणारा ताप रक्तातील पेशी कमी करतो आणि वृद्ध श्वानाला लवकर खचवतो. सिंधुदुर्गात गोचिडांचा विषय माणसांनाही परका नाही. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले, तो गोचिडांतूनच पसरतो. लेप्टोस्पायरोसिस तर श्वान आणि माणूस या दोघांनाही होतो. श्वानाचे दरवर्षीचे लसीकरण आणि गोचीडनाशक औषध यांनी त्याला सांभाळणाऱ्या हस्तकाच्या घराचेही रक्षण होते.

औषधाआधी वजन

सांधेदुखीवरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वजन आटोक्यात ठेवणे. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉरवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात, २५ टक्के कमी अन्न मिळालेले श्वान सुमारे दोन वर्षे अधिक जगले. त्यांच्यात संधिवातही उशिरा आला. काम कमी झाले की खुराकही कमी करायला हवा. प्रेमापोटी दिलेला सुका बांगडा किंवा खारवलेली मासळी मूत्रपिंड आणि हृदय दुबळे झालेल्या श्वानाला अपायकारक ठरते.

घरातली वेदनाशामक गोळी त्याला कधीही देऊ नये. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कुत्र्यांसाठीची वेगळी औषधे आहेत, पण तीही रक्ततपासणी करूनच द्यावी लागतात. बाकी गोष्टी साध्या आहेत. गुळगुळीत लादीवर गोणपाट, झोपायला जाड अंथरूण, गाडीत चढायला फळी आणि रोज थोडे थोडे चालणे.

खर्चाची सोय निवृत्तीबरोबरच हवी

अडचण तपासणीच्या सोयीची आहे. ग्रामीण भागातले पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी आहेत. सोनोग्राफी, हृदयतपासणी किंवा कर्करोगाचे उपचार हवे असतील तर गोवा, कोल्हापूर किंवा सुमारे ५०० किलोमीटरवरची मुंबई गाठावी लागते. सेवेत असताना श्वानाचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. निवृत्तीनंतर तो हस्तकाने घरी नेला किंवा संस्थेकडे गेला, तर औषधांचा भार त्यांच्यावर पडतो, नेमका आजार वाढत असताना.

म्हणून निवृत्तीची तारीख कॅलेंडरपेक्षा प्रकृतीवर ठरायला हवी. सातव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी सांधे, डोळे, कान, दात आणि रक्त यांची तपासणी, तिची लेखी नोंद आणि त्यानुसार टप्प्याटप्प्याने हलके काम, एवढे जिल्हा पातळीवरही करता येईल. ही नोंदवही निवृत्तीनंतर श्वानासोबत जावी आणि उपचाराची तरतूदही अखेरपर्यंत त्याच्यासोबत राहावी. वेदना आवरेनाशा झाल्यास दयामरणाचा निर्णयही पशुवैद्यक आणि हस्तक यांनी मिळून घ्यावा. त्यात खर्चाचा विचार आड येऊ नये. निवृत्त श्वानांची संख्या मोजकीच असते, त्यामुळे ही तरतूद सरकारला जड जाणार नाही. हस्तकाच्या घरखर्चाला मात्र ती मोठा आधार देईल.